वाचक विचारतात: इदी अमीन खरंच वेडा होता का हो?

मागच्या अंकात आफ्रिकेतल्या लष्करी राजवटींवर उत्तर देताना जाता जाता मी लिहून गेलो की युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याला वेडा म्हणणं ही सगळ्यांची सोय आहे. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की यावेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकतोय, बाकीच्यांनी राग मानू नका.

सर, वेडा नव्हता तर काय होता? आणि साधा आचारी देशाचा राष्ट्राध्यक्ष होतो हे निव्वळ नशीब नाही का? (एक वाचक, सातारा)

नशीब कसलं हो. आपल्याकडे वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात ना, हा माणूस वेड पांघरून थेट युगांडाच्या राजधानीला, कंपालाला पोचला. आम्ही शाळेत होतो तेव्हा वर्गातल्या आडदांड पोराला सगळे इदी अमीन म्हणून चिडवायचे, म्हणजे आपल्यापर्यंत तो विनोद म्हणूनच आलेला, आणि त्यातच सगळी गोम आहे. त्याला जो कोणी वर चढवत गेला तो प्रत्येक जण हेच समजत होता की गडी ताकदीचा आहे, डोक्याने बेताचा आहे, आपल्या खिशात राहील.

सुरुवात ब्रिटिशांपासून. हा १९४६ मध्ये त्यांच्या किंग्ज आफ्रिकन रायफल्स या पलटणीत भरती झाला, भटारखान्यात मदतनीस म्हणून. (पुढे तो ब्रह्मदेशात जपान्यांशी लढल्याच्या बाता मारायचा, पण भरतीच महायुद्ध संपल्यावरची, आता काय बोलायचं.) सव्वासहा फुटाच्या वर उंची, युगांडाचा बॉक्सिंग चॅम्पियन, रग्बी खेळायचा, हुकूम दिला की तोंडातून ब्र न काढता पाळायचा. गोऱ्या साहेबांना असाच माणूस हवा असतो. केनियात इंग्रजांविरुद्धचं माउ माउचं बंड चिरडायला याला वापरला, आणि १९६१ मध्ये स्वातंत्र्य तोंडावर आलं, काळे अधिकारी घाईघाईने तयार करायची वेळ आली तेव्हा कमिशन मिळालेल्या पहिल्या दोन युगांडन लोकांत हा होता. शिक्षण जवळजवळ शून्य, लिहिता वाचता जेमतेम.

आता खरी गोष्ट ऐका. १९६२ मध्ये उत्तरेला तुर्काना जमातीच्या लोकांवर गुरं चोरतात म्हणून कारवाई करायला याची तुकडी गेली आणि माणसांना हाल करून मारल्याचा आरोप झाला. खटला भरायचं चाललेलं. पण स्वातंत्र्य अगदी काही महिन्यांवर, अशावेळी दोन काळ्या अधिकाऱ्यांपैकी एकाला कोर्टात उभा करायचा म्हणजे लोक काय म्हणतील, म्हणून पंतप्रधान मिल्टन ओबोटेंना विचारलं आणि त्यांनी समज देऊन सोडा म्हणून सांगितलं. ९ ऑक्टोबर १९६२ ला युगांडा स्वतंत्र झाला आणि अमीन वर्दीतच राहिला. माझ्या मते अख्ख्या कहाणीतली सगळ्यात महागात पडलेली सही ती.

पुढे १९६४ मध्ये जिंजाच्या छावणीत सैनिकांनी पगारासाठी बंड केलं, ते शमवायला ब्रिटिश फौज बोलवावी लागली, पण नंतर ओबोटेंनी सैनिकांच्या मागण्या बऱ्याचशा मान्य करून टाकल्या. सैनिक काय शिकले सांगा, बंदूक दाखवली की पगार वाढतो. मग काँगोतलं सोनं आणि हस्तिदंत यांच्या व्यवहारात अमीनचं नाव आलं, ओबोटेंचंही आलं, संसदेत फेब्रुवारी १९६६ मध्ये चौकशीचा ठराव झाला, तर ओबोटेंनी काय करावं, चालू बैठकीतून आपलेच पाच मंत्री उचलून आत टाकले आणि राज्यघटना गुंडाळली. बुगांडाचा, म्हणजे युगांडातल्याच एका जुन्या राज्याचा राजा, त्याला कबाका म्हणतात, हा तेव्हा देशाचा राष्ट्रपती होता, त्याने विरोध केला. मे महिन्यात त्याच्या मेंगोच्या राजवाड्यावर तोफा डागायला कोण गेलं? अमीन. राजा भिंतीवरून उडी मारून निसटला आणि १९६९ मध्ये लंडनमध्ये परक्या मुलखात वारला. म्हणजे लोकशाहीचा गळा आधी ओबोटेंनीच दाबला होता, अमीनने फक्त हात बदलला.

मी बारावीत आहे. सत्तापालट झाल्यावर लोक रस्त्यावर नाचले असं वाचलं, लोकांना कळत नव्हतं का? (एक विद्यार्थिनी, लातूर)

अगं कळायला काय होतं, ओबोटेंना लोक इतके विटले होते की जाणारा गेला यातच आनंद. २५ जानेवारी १९७१, ओबोटे राष्ट्रकुल परिषदेसाठी सिंगापूरला गेलेले, त्यांचं आणि अमीनचं आधीच फाटलं होतं, आणि इकडे पहाटे रणगाडे रस्त्यावर. रेडिओवरून एका सैनिकाने सत्ता घेण्याची १८ कारणं वाचून दाखवली. बुगांडाच्या लोकांनी तर अक्षरशः मिरवणुका काढल्या, ज्याने आपल्या राजावर तोफा डागल्या त्याच्याच नावाने! पण त्यांनाही त्याने बरोबर ओळखलं होतं, दोन तीन महिन्यांत राजाचं शव लंडनहून आणवलं आणि इतमामात दफन केलं. राजकीय कैदी सोडले, मी राजकारणी नाही साधा सैनिक आहे, निवडणुका घेऊन बराकीत परत जाईन म्हणाला. सोडलेल्यांत बेनेडिक्टो किवानुका होते, माजी पंतप्रधान, त्यांना सरन्यायाधीश केलं. सप्टेंबर १९७२ मध्ये त्याच किवानुकांना हायकोर्टातून दिवसाढवळ्या उचलून नेलं, ते परत आलेच नाहीत.

आणि लोक नाचत होते त्याच वर्षी छावण्यांमध्ये काय चाललेलं ते बाहेर कोणाला दिसत नव्हतं. ओबोटे लांगो जमातीचे, सैन्यात लांगी आणि अचोली पोरं भरपूर. जिंजा, म्बारारा अशा छावण्यांत त्यांना शेकड्यांनी मारून टाकलं, आणि त्यांच्या जागी अमीनने आपल्या पश्चिम नाईलकडचे आणि सीमेपलीकडचे सुदानी, झाईरचे (म्हणजे काँगोचे) लोक भरले. हे लक्षात ठेव, शेवटी परत लागणार आहे.

ब्रिटनने पटकन मान्यता दिली, जुलैत त्याला लंडनला बोलावून राणीसोबत जेवायला बसवलं. इस्रायलचे सल्लागार तर त्याच्या सैन्यात आधीपासून होतेच. सगळ्यांना वाटलं आपलाच माणूस. वर्षभरात त्याने हवी ती शस्त्रं मिळत नाहीत म्हटल्यावर लिबियाच्या गडाफीशी हातमिळवणी केली आणि मार्च १९७२ मध्ये इस्रायली लोकांना चालते व्हा सांगितलं.

आमची आजी एन्टेबेला वाढलेली, १९७२ मध्ये दोन बॅगा घेऊन निघाले एवढंच सांगायची, पुढे गप्प. गोव्याचे लोक तिकडे कसे काय होते आणि आम्हाला नेमकं का हाकललं? (एक वाचक, मडगाव)

तुमचं पत्र सगळ्यात जास्त आवडलं म्हणून जरा सविस्तर लिहितो. तिकडच्या हिंदी लोकांबद्दल एक गैरसमज असतो की हे सगळे रेल्वे मजुरांचे वंशज. १८९६ ते १९०१ मध्ये मोम्बासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रूळ टाकायला सुमारे ३२ हजार मजूर इथून नेले हे खरं, पण त्यातले बहुतेक परत आले, काही हजार तिकडेच मेले. दुकानदार मंडळी, जास्त करून गुजराती, ती स्वतःहून गेलेली. खेड्यापाड्यात दुकान टाकलं, आणि आपला ‘दुकान’ शब्द स्वाहिलीत ‘दुका’ होऊन राहिला तो आजही आहे. गोंयकारांची गोष्ट अजून वेगळी. इंग्रजांना हिशेबनीस, कारकून, खजिन्यातले बाबू पाहिजे होते, गोव्यातून इंग्रजी शिकलेले लोक गेले, सरकारी नोकरीत लागले, आणि एन्टेबे ही तेव्हा प्रशासनाची राजधानी म्हणून तिथे गोवेकरांची वस्ती. शिंपी आणि बेकरीवालेही होते. एन्टेबेत, कंपालात गोवन इन्स्टिट्यूट, तिथे नाच, हॉकी, नाताळ, सगळं आपापल्यात. आणि इथेच दुखरी जागा आहे, आपापल्यात. वर गोरा, मध्ये हिंदी, खाली काळा असा जिना इंग्रजाने बांधला होता आणि आपली माणसं मधल्या पायरीवर आरामात बसली होती, हे मान्य करायला आपल्याला अजून जड जातं. व्यापार बहुतेक सगळा हिंदी लोकांच्या हातात, म्हणून राग साठलेला होता, तो अमीनने निर्माण केला नाही. ओबोटेंच्या काळातही परवाने, नागरिकत्व यावरून छळ सुरू झालाच होता.

अमीनने त्या रागाला काडी लावली. ४ ऑगस्ट १९७२ ला टोरोरोच्या छावणीत सैनिकांसमोर त्याने जाहीर केलं की ब्रिटिश पासपोर्टवाल्या हिंदी लोकांनी ९० दिवसांत देश सोडावा, म्हणे देवाने स्वप्नात येऊन सांगितलं. मग त्यात भारत, पाकिस्तान, बांगलादेशचे पासपोर्टवाले आले, मग युगांडाचे नागरिकही जा म्हणाला, मग नाही म्हणाला. नागरिकांनी कागद तपासून घ्यायचे, त्यासाठी कंपालात मैलभर रांगा, एखादा कागद कमी पडला, तारीख चुकली की नागरिकत्व तिथल्या तिथे फाडून टाकायचे, आणि मग तो माणूस कुठलाच नाही. ८ नोव्हेंबर शेवटची तारीख. बरोबर न्यायला जेमतेम पन्नास पौंड. विमानतळाच्या रस्त्यावर एकामागून एक चौक्या, प्रत्येक ठिकाणी बॅगा उघडायच्या, बायकांच्या बांगड्या उतरवून घ्यायच्या. आजी गप्प का व्हायच्या ते यात शोधा.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर तसं पन्नास हजारांच्या वर लोक पांगले. सुमारे २८ हजार ब्रिटनला गेले, तिथे लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडाच्या पेपरात जाहिरात दिली होती की कृपया आमच्या गावात येऊ नका, जागा नाही. (लोक नेमके तिथेच गेले आणि ते गाव उभं केलं.) कॅनडाने काही हजार घेतले, त्यात गोवेकर बरेच, म्हणून टोरांटोत आज एन्टेबेच्या आठवणी काढणारी म्हातारी मंडळी भेटतात. भारतीय पासपोर्टवाले कंपाला मोम्बासा रेल्वेने आणि तिथून बोटीने मुंबईला उतरले.

पण सर खरं बोलायचं तर स्थानिक लोकांचा फायदाच झाला ना त्यात? (एक वाचक, अकोला)

वाटायला तसंच वाटतं, आणि सुरुवातीला लोकांनाही तसंच वाटलं, त्याने त्याला ‘आर्थिक युद्ध’ असं भारदस्त नाव दिलेलं. पण दुकानं मिळाली कोणाला? समिती बसली, सैन्यातले अधिकारी, त्यांचे मेहुणे, ओळखीपाळखीचे, यांना रस्त्याने चालत चालत दुकानं वाटली, हे तुझं ते तुझं. या नव्या शेटजींना लोक ‘माफुता मिंगी’ म्हणायचे, म्हणजे ज्याच्या अंगावर भरपूर तेल तूप चढलंय तो. किस्सा सांगतात की एकाला कापडाच्या दुकानात शर्टाची किंमत माहीत नव्हती तर त्याने कॉलरवर छापलेला नंबर बघितला आणि तेवढे शिलिंग घेतले. खरं खोटं माहीत नाही, पण असे किस्से उगाच नाही पसरत. आधीच्या मालकाचा माल विकून संपला, नवा भरायला ना पत ना परकीय चलन, दुकान बंद. काकिरा आणि लुगाझीचे साखर कारखाने बसले, ज्या देशाला साखर पुरून उरायची तिथे साखरेला रांगा. मीठ, साबण, काडेपेटी सगळं काळ्या बाजारात, त्याला ‘मागेंडो’ म्हणत. शेतकरी कॉफी रात्री बोटीतून, सायकलवरून केनियात नेऊन विकायला लागले.

तरी राजवट टिकली कशी? तर कॉफीमुळेच. १९७५ मध्ये ब्राझीलमध्ये कडाक्याची थंडी पडून मळे जळाले आणि जगात कॉफीचे भाव कडाडले. त्या पैशातून लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळावरून एन्टेबेला विमानं भरून व्हिस्की, रेडिओ, घड्याळं यायची, ती सैनिकांना वाटायची. ज्या ब्रिटनने याच्याशी संबंध तोडले त्याच ब्रिटनमधून बरं का. जनता साखरेला महाग आणि बराकीत स्कॉच.

तो माणसं खायचा हे खरं का? (एक वाचक, ठिकाण दिलेलं नाही)

पुरावा नाही. आणि हा प्रश्न दर वेळी येतो त्याचा मला कंटाळा आलाय, कारण फ्रीजमधल्या मुंडक्यांच्या गोष्टी सांगता सांगता नाकासेरोची ती साधी दिसणारी इमारत राहून जाते, तिथे स्टेट रिसर्च ब्युरो नावाचं खातं होतं, नावात रिसर्च, काम माणसं गायब करायचं. मेले किती, तर कमीत कमी अंदाज ८० हजारांचा आणि जास्तीत जास्त पाच लाखांचा, सहसा तीन लाख सांगतात. फेब्रुवारी १९७७ मध्ये आर्चबिशप जनानी लुवुम आणि दोन मंत्र्यांना पकडलं, दुसऱ्या दिवशी सरकार म्हणालं मोटार अपघातात गेले, शवांवर गोळ्यांच्या खुणा.

या सगळ्या वर्षांत जग मात्र हसत होतं. वॉटरगेट घोटाळ्यातून लवकर बरे व्हा म्हणून अमेरिकेच्या निक्सनला तार, ब्रिटन कंगाल झालंय म्हणून ‘ब्रिटन बचाव’ निधी, स्वतःला ब्रिटिश साम्राज्याचा विजेता अशी पदवी, १९७५ मध्ये चार गोऱ्यांच्या खांद्यावर पालखीत बसून मिरवणं. आफ्रिकेत बऱ्याच लोकांना यात मजा यायची, साहेबाची जिरवतोय म्हणून, ते मी समजू शकतो. त्याच वर्षी आफ्रिकी देशांच्या संघटनेचं अध्यक्षपद त्याच्याकडे गेलं, टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांच्यासारख्या मोजक्याच लोकांनी बहिष्कार टाकला.

एन्टेबेच्या ओलीसनाट्यामुळेच तो पडला ना? (एक वाचक, पुणे)

नाही. ते नाट्य सगळ्यांना पाठ असतं म्हणून थोडक्यात. २७ जून १९७६ ला एअर फ्रान्सचं विमान पळवून एन्टेबेला आणलं, अमीनने अपहरणकर्त्यांना थारा दिला, शंभरावर लोक ओलीस होते, ३ जुलैच्या मध्यरात्री इस्रायली कमांडोंनी अमीनच्या गाडीसारखी काळी मर्सिडीज पुढे घालून त्यांना सोडवलं. जुनं टर्मिनल एका इस्रायली कंपनीनेच बांधलेलं, त्यामुळे आराखडा त्यांच्याकडे. बेअब्रू झाली, युगांडाची मिग लढाऊ विमानं जळाली, पण त्यानंतर पावणेतीन वर्षं तो खुर्चीतच होता. डोरा ब्लॉक नावाची ७४ वर्षांची ओलीस बाई तेव्हा कंपालाच्या हॉस्पिटलात होती, तिला मात्र त्याच्या माणसांनी नंतर मारलं. अब्रू गेल्याने असे लोक पडत नाहीत हो.

मग पडला कशाने? (वरच्याच वाचकांचा पुढचा प्रश्न)

स्वतःच्याच सैन्याने. मघाशी त्या लातूरच्या मुलीला म्हटलं ना लक्षात ठेव. सैन्य म्हणजे त्याने पोसलेल्या टोळ्या झाल्या होत्या आणि टोळीला रोज खायला लागतं. १९७७ नंतर कॉफीचे भाव उतरले, अमेरिकेने १९७८ मध्ये युगांडाची कॉफी घ्यायचं बंद केलं, व्हिस्कीची विमानं आटली. उपराष्ट्राध्यक्ष मुस्तफा आद्रिसी मोटार अपघातात जखमी झाला, त्याच्या माणसांना तो घातपात वाटला, पलटणी एकमेकांकडे संशयाने बघायला लागल्या, काही ठिकाणी बंडच झालं. मग जुनी युक्ती, घरातलं भांडण झाकायला शेजाऱ्याच्या अंगणात घुसायचं. ऑक्टोबर १९७८ च्या शेवटी त्याचं सैन्य टांझानियाच्या कागेरा नदीपर्यंतच्या पट्ट्यात घुसलं, सुमारे १८०० चौरस किलोमीटर, आणि रेडिओने सांगितलं की हे आम्ही २५ मिनिटांत जिंकलं. जिंकून केलं काय, तर गुरं, पत्रे, सायकली, साखर कारखान्यातलं सामान, सगळं लुटून ट्रकने घरी.

पलीकडे होते ज्युलियस न्येरेरे. अंगाने बारीक, मूळचे शाळामास्तर, लोक त्यांना ‘म्वालिमू’ म्हणजे मास्तरच म्हणायचे. अमीनने त्यांना आव्हान दिलं की आपण दोघं बॉक्सिंग खेळून निकाल लावू, मोहम्मद अली पंच. मास्तरांनी उत्तर न देता देशभरातून पोलीस, तुरुंगरक्षक, खेड्यातली मिलिशिया अशी माणसं गोळा केली, युगांडाचे परागंदा बंडखोर बरोबर घेतले आणि चालायला लागले. खरंच चालत, बरंचसं सैन्य पायीच गेलं. गडाफीने अमीनच्या मदतीला लिबियन सैनिक पाठवले, पण मार्च १९७९ मध्ये लुकायाला ते तोंडघशी पडले, आणि अमीनचे सैनिक? लुटलेला माल गाडीत घालून आपापल्या गावाच्या दिशेने. अनोळखी देशात लिबियन पोरं एकटी लढत राहिली आणि शेकड्यांनी मेली. ११ एप्रिल १९७९ ला कंपाला पडलं. लोक परत रस्त्यावर नाचले, आठ वर्षांपूर्वीसारखेच.

पहिल्यांदाच एका आफ्रिकन देशाने दुसऱ्याचं सरकार असं सैन्य घालून पाडलं, त्यावर न्येरेरेंवर टीकाही झाली, आणि त्या लढाईच्या खर्चाने टांझानियाचं कंबरडं मोडलं. त्यांना कोणी फारसा पैसा दिला नाही. आणि युगांडात दीड वर्षात परत कोण आलं तर ओबोटे, तीच माणसं, तीच कत्तल, बळी फक्त दुसऱ्या जमातीचे. १९८६ मध्ये योवेरी मुसेवेनी राष्ट्राध्यक्ष होईपर्यंत.

त्याला शिक्षा काय झाली? आणि आमच्या आजीच्या घराचं काय झालं असेल? (मडगावच्याच वाचकांचा दुसरा प्रश्न)

शिक्षा काहीच नाही. आधी लिबिया, मग सौदी अरेबिया, जेद्दात सरकारी खर्चाने राहिला, अट एवढीच की राजकारण करायचं नाही. १९८९ मध्ये परतायच्या नादात झाईरपर्यंत गेला, तिथून माघारी पाठवला. २००३ मध्ये आजारी पडल्यावर घरच्यांनी त्याला मायदेशी आणू का विचारलं तर मुसेवेनी म्हणाले आणा, पण आल्या आल्या केलेल्याचा जाब द्यावा लागेल. १६ ऑगस्ट २००३ ला जेद्दाच्याच हॉस्पिटलात मेला, तिथेच पुरला.

घराचं म्हणाल तर हिंदी लोकांच्या सोडून दिलेल्या मालमत्ता एका सरकारी मंडळाकडे गेल्या होत्या, आणि नव्वदच्या दशकात मुसेवेनी सरकारने त्या मूळ मालकांना परत द्यायला सुरुवात केली. पण अर्ज करायला जुने दस्त लागायचे, मुदत होती, आणि सरकारी क्वार्टरमध्ये राहिलेल्या नोकरदार गोवेकरांचं तर स्वतःचं घर असेलच असं नाही. मधवाणी कुटुंब परतलं, काकिराचा कारखाना परत चालू केला, आज तिथे पुन्हा साखर निघते. तुमच्या आजींच्या सामानात एखादा जुना कागद, खरेदीखत, इन्स्टिट्यूटचा फोटो, पासपोर्टवरचा शिक्का असं काही सापडलं तर फोटो काढून नक्की पाठवा, पुढच्या अंकात छापायला आवडेल, आणि नावं छापायची नसतील तर तसं कळवा.